दूध डेअरीतला नाचरा बाण

साहेब, हिंगणमळ्याच्या डेअरीतलं भूत तुमचं आहे. महाराजानं त्याला नुसता अंगारा लावला, जन्माला तुम्ही घातलंत. आमच्या चेअरमननी तुम्हाला दूध संघात फोन केला होता. संगणक बिघडलाय, माणूस पाठवा, एवढंच म्हणणं होतं. तुम्ही माणूस पाठवला नाहीत. तुम्ही म्हणालात, "हा श्रद्धेचा विषय आहे, स्थानिक पातळीवर मिटवून घ्या." यंत्र बिघडणं हा श्रद्धेचा विषय कधीपासून झाला? तुमच्या केबिनमधला एसी बंद पडला तर तुम्ही मेकॅनिक बोलावता की गुरव?

तुमचं नाव लिहीत नाही. वाचताना ज्याचे कान गरम होतील त्यानं आपलं समजावं. आता काय झालं ते ऐका, कारण तुम्ही ते अजून कुणाकडूनही ऐकून घेतलेलं नाही.

त्या सकाळी डेअरीपुढं जत्रा भरली होती. एरवी आमच्याकडं दूध घालायला माणूस येतो तो डोळ्यांत झोप घेऊन, किटली ओततो आणि वैरणीला पळतो. त्या दिवशी दूध घालून झालेलेही हलत नव्हते. ज्यांच्या घरी म्हैस नाही, शेळीसुद्धा नाही, तेही आले होते. खिडकीच्या गजाला पोरं लोंबकळत होती. सगळ्यांचे डोळे आत, टेबलावरच्या त्या जुन्या, पिवळ्या पडलेल्या संगणकाकडं. पडद्यावरचा बाण आपला आपण पळत होता. माऊसला कुणाचा हात नव्हता. बाण वर जायचा, खाली यायचा, कोपऱ्यात दबा धरून बसायचा आणि एकदम उसळून भलत्याच जागी टिचकी मारायचा. मध्येच दूधवाल्यांच्या नावांची खिडकी मिटली, मध्येच घड्याळ उघडलं, मध्येच पडद्यावरची सगळी चित्रं निळी झाली.

"आगं आई! कुणाला तर शोधतंय बग त्ये!" एक बाई म्हणाली.

"लाईट बिलाची तारीख बघत असंल," मी म्हणालो. माझी किटली अजून हातातच होती. कुणी हसलं नाही. हसण्याचे दिवस नव्हते ते.

टेबलामागं रेश्मा उभी होती. ही सकाळच्या पाळीची ऑपरेटर. नवरा कृष्णात फौजेत, घरी सासू चंद्राबाई आणि दोन म्हशी. रेश्मा बारावी शिकलेली आणि कामात अशी चोख की तिच्या पाळीत दुधाचा थेंब इकडचा तिकडं होत नसे. तिचे हात पदरात गुंडाळलेले होते. संगणकाला आपला हात लागला नाही, हे सगळ्यांना दिसावं म्हणून. तरी बाण नाचत होता. आणि कुजबुज होती ती हीच: नाचतो तो रेश्माच्याच पाळीत. संध्याकाळी धनाजी बसतो, तेव्हा बाण गरीब गाईसारखा.

धनाजी म्हणजे चेअरमनचा भाचा. कामाचा कंटाळा आणि गाण्यांचा नाद. त्याच्या पाळीत संगणकातून गाणी वाजतात आणि वजनं त्या तालावर होतात. अशा माणसाकडं भूत फिरकत नाही आणि कामसू बाईच्या मानगुटीवर बसतं, हे ऐकल्यावरच खरं तर गावानं थांबून विचार करायला हवा होता. पण विचार करायला वेळ लागतो, आणि महाराज मोटरसायकलवरून आला होता.

हा यंत्रनाथ महाराज. मेढ्याकडच्या डोंगरात तप केलं असं सांगायचा. भगवी कफनी, पायात बूट, गळ्यात रुद्राक्षाच्या माळेतच एक पेन ड्राइव्ह ओवलेला. ट्रॅक्टर, बोअरच्या मोटारी, मोबाइल, ज्यात वीज खेळते त्या सगळ्यातली बाधा काढायचा. त्याला डेअरीत आणलं धनाजीनं, आणि चेअरमन लालासाहेबांनी पाट मांडून बसवलं.

महाराज आधी दाराशीच डोळे मिटून उभा राहिला. मग नाकानं हुंगलं.

"ह्या यंत्राची प्रणाली कंची?"

"जुनी हाय महाराज," धनाजी म्हणाला. "लय जुनी. आता त्या कंपनीनं बी सोडून दिलीया तिला. दुधाचा प्रोग्राम नव्यावर चालत न्हाई म्हणून ठिवलीया."

"तरीच!" महाराजानं मांडीवर थाप मारली. "नवीन प्रणालीत पासवर्ड आसतोय, आत्म्याला आत शिराया गावत न्हाई. जुन्या प्रणालीला राखण न्हाई. बेवारस वस्तू! ज्याला कुणी वाली न्हाई तिथं आत्मा वस्तीला येतो. ह्यात सात लहरी आसत्यात. सहा लहरी सरळ. सातवी लहर उलटी. ती डाव्या हाताच्या बाईला बघून फिरती!"

"रेश्मा तर उजवी हाय," मागून कुणीतरी बोललं.

"वरनं उजवी," महाराज म्हणाला. "आतनं डावी."

यावर माणसांनी माना डोलावल्या. माझ्या शेजारच्यानंसुद्धा डोलावली. त्याला विचारलं, आतनं डावी म्हणजे काय रं? तर म्हणतो, "आवं, त्येंना कळतंय त्ये."

मग महाराज इलेक्ट्रॉनिक काट्यापाशी बसला. हा काटा म्हणजे दुधाचं वजन करायचा. खाली पत्र्याचा चौरस, वर आकडे, मागून एक वायर संगणकात गेलेली. महाराजानं पत्र्यावर डावा हात ठेवला, "पृथ्वीतत्त्व धरतो," म्हणाला, आणि उजव्या हातानं पडद्याकडं नारळ दाखवला.

"बोल! बाईच्या पायगुणानं आलास का? आसंल तर पळ!"

बाण पळाला. अशी किंकाळी उठली की बाहेरची कुत्री भुंकायला लागली.

"बाईनं ही खुर्ची सोडली तर जाशील का? जाणार आसशील तर पळ!"

बाण परत पळाला. रेश्माचा चेहरा उतरला. तिनं पदरातून हात बाहेर काढले, जणू आता लपवून उपयोग नव्हता.

लालासाहेब तसे वाईट गृहस्थ नाहीत. त्यांनी तुम्हाला तिथूनच फोन लावला, साहेब. चार जणांना ऐकू जावं म्हणून स्पीकरवर टाकला. "साहेब, महाराज म्हनत्यात बाईला कमी करा. मला वाटतं आदी एकदा तुमचा माणूस येऊन बगू दे." आणि तुम्ही ते श्रद्धेच्या विषयाचं वाक्य बोललात. मग म्हणालात, "कशाला वाद वाढवता? बसवू नका त्या बाईला. दुसरा माणूस आहे ना?" सबंध रांगेनं ऐकलं. खिडकीतल्या पोरांनीसुद्धा ऐकलं.

महाराजानं येत्या गुरुवारी सकाळी यंत्रशांती ठरवली. तोवर रेश्मानं पायरी चढायची नाही. शांतीच्या दिवशी तिनं समोर बसायचं, आणि तिच्यातली "सातवी लहर" सर्वांसमक्ष काढायची. ती कशी काढतात हे आमच्या भागात सगळ्यांना ठाऊक आहे. केस धरतात, धुरी देतात, बाई किंचाळली की भूत बोललं म्हणतात.

रेश्मा घरी गेली, तर घरातही तेच. चंद्राबाईंनी तिला गोठ्याच्या दारातच अडवली.

"म्हशीला हात लावू नगंस."

"आत्ती, तुमी बी?"

"मी काय म्हंते का? लोक म्हंत्यात. म्हस आटली तर कुनाला इचारू? पोरगा तिकडं बर्फात हाय. त्येला काय सांगू?"

हे मला चंद्राबाईंनीच नंतर सांगितलं, मान खाली घालून. पोराची काळजी आणि सुनेवरचा संशय, दोन्ही एका वाक्यात बसवता येतात. त्याला माणूस वाईट असावा लागत नाही. घाबरलेला पुरतो.

आता दीपालीची गोष्ट. डेअरीला लागून सुकुमार मगदूम यांचं पेंडीचं दुकान आहे. त्यांची मुलगी दीपाली सांगलीच्या एका कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. सुट्टीला आली होती. मी पेंड आणायला गेलो आणि सगळं सांगितलं. ती हसत सुटली.

"काका, माऊस खराब झालाय. एवढंच. नवा लावते, या तुम्ही."

हे "एवढंच" आमच्या फार अंगाशी आलं. ती दुसऱ्या दिवशी सकाळी नवा माऊस घेऊन डेअरीत गेली. महाराज तिथंच मुक्कामाला होता, सकाळ-संध्याकाळ दर्शन चालू. रेश्माच्या जागी आता लालासाहेब स्वतः बसत होते, आणि बाण त्यांच्याही पुढं नाचत होता. महाराज म्हणाला, बाई गेली तरी तिची लहर खुर्चीत राहिलीय, गुरुवारपर्यंत राहणार. दीपालीनं जुना माऊस काढला, नवा लावला. संगणक बंद करून चालू केला. बाण नाचला. ती चिडली आणि तिनं माऊसची वायरच उपटली. हातात धरून सगळ्यांना दाखवली.

"आता बघू कसा नाचतो!"

बाण नाचला.

साहेब, त्या क्षणी मलाही घाम फुटला, खोटं कशाला बोलू. माऊस बाईच्या हातात, वायर लोंबतेय आणि पडद्यावर बाण फुगडी घालतोय. गर्दीचं काय झालं असेल बघा. एका म्हाताऱ्यानं तिथंच लोटांगण घातलं. महाराज उठून उभा राहिला आणि म्हणाला, "पोरी, शिकलीस त्ये चांगलं झालं. आता तुज्या डोळ्यांनी बगितलंस. वायर तोडली तरी आत्मा तुटत न्हाई!" आणि संगणकावर ओला सोवळ्याचा पंचा टाकला, गुरुवारपर्यंत परक्यानं हात लावायचा नाही म्हणून. म्हणजे दीपालीनं भूत काढायच्या ऐवजी त्याला सर्टिफिकेट दिलं.

बाहेर आल्यावर ती पेंडीच्या पोत्यावर बसली आणि म्हणाली, "काका, मी गाढव आहे."

"का ओ?"

"पोरांना शिकवते की आधी बघा, मग विचारा, मग हात लावा. आणि मी आधी हात लावला. जिच्या पाळीत होतं तिला एक शब्द विचारला नाही."

आम्ही रेश्माकडं गेलो. ती दाराशी तांदूळ निवडत बसली होती. दीपाली तिच्यापुढंच बसली आणि विचारायला लागली. भुताबद्दल एक प्रश्न नाही. सगळं कामाबद्दल.

"सकाळी कुलूप काढल्यापासून काय काय करतीस? एकामागून एक सांग. काहीबी गाळू नको."

"झाडून घेते. मग काटा चालू करते. हळद-कुंकू वाहते, उदबत्ती लावते. मग कॉम्प्युटर."

"काटा आधी का?"

"नियम हाय. खंडेनवमीला सगळ्या मशिनींची पूजा झाली, तवा चेअरमन आबा म्हनाले, काटा म्हंजे आपली लक्ष्मी. हितनं पुढं सकाळी पयला मान काट्याला. काटा चालू, पूजा, मग बाकीचं."

"आणि खंडेनवमीच्या आधी?"

"आदी कॉम्प्युटर लावायची. त्यो उठायला लय येळ घेतो ओ, म्हातारं हाय त्ये. तेवढ्यात माजं झाडून व्हायचं, फॅट मशिन धुऊन व्हायचं. काटा मागनं."

"बाण नाचायला लागला कधीपासून?"

रेश्माचा हात तांदळात थांबला. "दसऱ्यापास्नं," ती म्हणाली. "म्हंजे… खंडेनवमीच्या दुसऱ्या दिसापास्नं."

दीपाली उठली नाही, ओरडली नाही. उलट आणखी हळू विचारलं. "बाण नाचत असतो तेव्हा काट्याचं वजन आपोआप पडद्यावर येतं का?"

"न्हाई. मी काट्यावर बगून हातानं टाकते."

"आणि बाण शांत असतो तेव्हा?"

"तवा येतंय की आपलं आपन."

"मग भूत आलं की वजन जातं. वजन जातं कुठं गं?"

मला तेव्हा काहीच कळलं नाही. रेश्माच्या तोंडून मात्र हळूच निघालं, "बाणात?"

त्या संध्याकाळी आम्ही डेअरीपुढं उगाच उभं राहून धनाजीचं काम बघितलं. पंचा संध्याकाळी काढायला महाराजाची परवानगी होती, नाहीतर गाणी कशी लागणार! धनाजी आला. आल्या आल्या संगणक लावला. तो उठेपर्यंत चहा प्याला. गाणं लागलं. मग पहिली किटली आली तेव्हा पायानंच काट्याचं बटण दाबलं. हळद नाही, कुंकू नाही. बाण शांत, आणि वजन आपोआप पडद्यावर.

"काका," दीपाली माझ्या कानात म्हणाली, "हा आळशी आहे म्हणून पुण्यवान ठरलाय."

गुरुवार उजाडला. डेअरीपुढं मांडव. कणीक मळून केलेली बाहुली, लिंबं, धुरीचं पात्र. काट्याला झेंडूच्या माळा. महाराजाच्या सांगण्यावरून तो पहाटेच चालू करून ठेवला होता, "जागृत" राहावा म्हणून. रेश्माला पाटावर बसवलं होतं. तिचे केस मोकळे सोडायला लावले होते. चंद्राबाई मागं किटली धरून उभ्या होत्या आणि कुणाकडंही बघत नव्हत्या.

संगणक लावला. बाण नाचला. "बगा, बाईला बगून कसा खवळलाय!" महाराज गरजला आणि पत्र्यावर हात टेकून बसला.

दीपाली गर्दीतून पुढं आली. लालासाहेबांना म्हणाली, "आबा, धुरीच्या आधी मला थोडा वेळ द्या. मागच्या वेळी माझी फजिती झाली ती सगळ्यांनी बघितली. आता परत झाली तर तीही बघा."

लालासाहेब महाराजाकडं बघायला लागले, तेव्हा मला राहवलं नाही. मी म्हणालो, "आबा, आत्मा एवढा मोठा, त्यो काय एका पोरीला भितोय व्हय?" माणसं हसली. बऱ्याच दिवसांनी हसली. लालासाहेबांनी हात केला.

तिनं माऊस काढून बाजूला ठेवला. बाणाला हात न लावता नुसत्या कीबोर्डवर एक यादी उघडली. संगणकाला कोणकोणती यंत्रं जोडलेली आहेत, ते तिथं दिसतं. मग जवळच्या पोराला मोठ्यानं वाचायला लावलं.

"माऊस: एक."

"मी माऊस काढलाय ना?" तिनं हातातला माऊस वर धरला. "हा बघा. मग संगणक म्हणतोय अजून एक माऊस लावलेला आहे. कुठाय तो?"

गर्दी खरोखर शोधायला लागली. एकानं टेबलाखाली बघितलं. धनाजीनं पेंडीची पोती हलवली. एका म्हातारीला वाटलं खरोखरचा उंदीर, ती पाटावर चढली.

"महाराज, तुम्हाला माहिताय का कुठाय?"

"आत्मा यादीत दिसतो, डोळ्याला दिसत न्हाई!"

"मग जरा हात काढा काट्यावरून."

महाराजानं हात काढला नाही. "पृथ्वीतत्त्व सुटंल!"

"सुटू दे. चंद्राबाई, तुमची किटली ठेवा बघू पत्र्यावर."

चंद्राबाई दचकल्या. पण पुढं आल्या. महाराजाला उठावं लागलं, कारण चंद्राबाईंची किटली यायला लागली की आमच्याकडं कुणीही बाजूला होतं. पत्रा मोकळा झाला तसा बाण कोपऱ्यात दबला. किटली टेकली. बाण टुणकन उडाला.

"उचला."

उचलली. बाण परत उडाला.

"ठेवा."

उडाला. चंद्राबाईंनी न सांगता परत उचलली, परत ठेवली, परत उचलली. दर वेळी बाण पळाला. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हळूहळू उजाडत होतं. त्या महाराजाकडं वळल्या.

"म्हंजे तू हात दाबत हुतास व्हय रं?"

महाराज म्हणाला, "माउली, त्यो आशीर्वाद हुता."

"त्यो दाब हुता!" चंद्राबाई म्हणाल्या. "'आसंल तर पळ' म्हणायचास आनि दाबायचास! म्हंजे तुला ठावं हुतं. काट्यानं बाण पळतोय हे तुला ठावं हुतं, आनि तू माज्या सुनंवर घातलंस!"

दीपालीनं मग समजावलं, आणि ते मी तिच्याच शब्दांत लिहितो. "तुम्ही जनावरांच्या बाजारात जाता. दलाल रुमालाखाली बोटं दाबून सौदा करतो. त्याला कोणतं बोट दाबलं की काय समजायचं हे पक्कं ठाऊक असतं. संगणक आणि बाहेरचं यंत्र यांच्यामध्ये असाच एक दलाल असतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. काट्याचा वेगळा, माऊसचा वेगळा. ही प्रणाली ज्या काळातली, त्या काळात माऊसही अशाच वायरीनं जोडायचे. म्हणून हा म्हातारा संगणक उठता उठता त्या वायरीवर कान देतो, कुणी बोलतंय का म्हणून. काटा बंद असला तर वायर गप्प असते. पण काटा आधीपासून चालू असेल, तर तो सारखी वजनं बोलत असतो. झोपेतनं उठलेल्या संगणकाला वाटतं, कुणीतरी माऊस हलवतोय. तो माऊसच्या दलालाला बसवतो. मग काटा काहीही बोलला तरी दलाल ते बोटांचे इशारे समजतो आणि बाण पळवतो. आणि वायर त्यानं धरून ठेवल्यामुळं दुधाच्या प्रोग्रामला वजन मिळत नाही."

"म्हंजे…" लालासाहेब सावकाश म्हणाले, "मी काट्याला पयला मान दिला, म्हणून?"

"व्हय आबा. मान द्या की. पण संगणक उठल्यावर द्या."

"बोलाया सोपं हाय!" महाराज मागून ओरडला. "बाई हितं बसलीया, आत्मा खवळलाय, आनि ही काट्यावर ढकलतीया! बाईला बसवून शांत करून दाव!"

"तेच करणार होते," दीपाली म्हणाली.

सगळं बंद केलं. रेश्माला खुर्चीत बसवलं, मोकळ्या केसांनीच. आधी संगणक. तो पुरता उठू दिला. मग काटा. चंद्राबाईंनी किटली ठेवली. वजन पडद्यावर आलं आणि बाण जिथं होता तिथंच बसून राहिला. रेश्मानं माऊस लावला, बाण इकडून तिकडं नेला, आपल्या हातानं. तिला रडू येत होतं का हसू, मला कळलं नाही.

"आता धनाजी, तू ये," दीपाली म्हणाली.

"मी कशाला?" धनाजी मागं सरला. त्याला चौघांनी धरून खुर्चीत बसवलं. परत सगळं बंद. या वेळी आधी काटा. मग संगणक. आणि बाण असा नाचला, असा नाचला, की खिडकीतली पोरं खाली पडली.

"धनाजीच्या अंगात आलं रं!"

"धन्या, आतनं डावा हाईस व्हय गड्या?"

"सोडा केस त्याचे! धुरी आणा!"

धनाजी खुर्चीतून उडी मारून पळाला आणि त्याच्या मागं पोरं. या गोंधळात महाराजानं मोटरसायकल ढकलत ढकलत गल्लीच्या तोंडापर्यंत नेली आणि तिथं किक मारली. त्याला धरायला हवं होतं. असल्या धंद्याविरुद्ध कायदा आहे आणि पोलीस पाटील मांडवातच जिलेबी खात उभे होते. गेला तो. कुठंतरी दुसऱ्या गावात आज कुणाच्या तरी पंपात लहर शोधत असेल.

दीपालीनं तो खोटा माऊस यादीतच बंद करून टाकला. आता काटा आधी लावा नाहीतर मागनं, बाण हलत नाही. पूजाही जशीच्या तशी चालू आहे, कुणाची श्रद्धा आम्ही घेतलेली नाही.

इथं गोष्ट संपवता आली असती, आणि पुष्कळ जण संपवतात. भूत गेलं, टाळ्या झाल्या. पण दुपारी लालासाहेब रेश्माच्या दारात गेले आणि हळू आवाजात म्हणाले, "पोरी, उद्यापास्नं ये. गपचिप येऊन बस. साहेबांचं मी बगतो."

रेश्मा म्हणाली, "आबा, काढलं तवा फोनवर, सगळ्यांपुढं काढलं. घेताना दारात येऊन कानात सांगतायसा व्हय?"

"आगं, झालं गेलं."

"माजं काय झालं गेलं? आजून मी आडाला गेले की बायका घागर बाजूला घेत्यात. भूत न्हवतं हे कळलं त्यास्नी. पर खोट माज्यात न्हवती, हे कुनी सांगितलंच न्हाई."

चंद्राबाई गोठ्याच्या दारात उभ्या होत्या. त्या पुढं आल्या, दूध काढायची चरवी रेश्माच्या हातात दिली आणि लालासाहेबांना म्हणाल्या, "ती बरोबर बोलती. मी बी जाऊ देणार न्हाई तिला तसं."

ती अजून गेलेली नाही. सकाळच्या पाळीला लालासाहेब स्वतः बसतात आणि एका बोटानं दूधवाल्यांची नावं शोधतात.

वाचणाऱ्यांना मला एवढंच सांगायचंय. तुमच्या दारात कधी काही विचित्र घडलं, तर पहिल्यांदा "कोण आलं होतं?" असं विचारू नका. "आधी काय केलं, मग काय केलं?" असं विचारा. पहिल्या प्रश्नाचं उत्तर नेहमी एखादी बाईच निघते. दुसऱ्याचं एखादी वायर, एखादं बटण, एखादा आपणच केलेला नियम निघतो. आणि उत्तर मिळालं की ते सगळ्यांपुढं करून बघा: ज्याच्यावर आळ आहे त्याच्या जागी दुसरा बसवा, क्रम फिरवा. ज्याला खरंच काही कळतं तो असल्या परीक्षेला भीत नाही. भितो त्याची मोटरसायकल कुठं लावलीय, तेवढं बघून ठेवा.

आणि साहेब, तुम्ही. काट्याची चूक नव्हती, त्याचं काम बोलायचं होतं, तो बोलला. त्या जुन्या प्रणालीचीही मोठी चूक नव्हती, तिनं तिच्या काळच्या समजुतीप्रमाणं ऐकलं. तुम्हाला मात्र माणसांची भाषा येते. चेअरमननी मेकॅनिक मागितला होता, बाईला काढायचं परवाना-पत्र नव्हे. तुम्ही चौकशी केली नाहीत, यंत्र बघितलं नाहीत, तिचं नावसुद्धा विचारलं नाहीत. "त्या बाईला" एवढंच म्हणालात.

तिचं नाव रेश्मा आहे. आमची सकाळची रांग उजाडताच लागते, तुम्हाला जागा ठेवू. एकदा या, सगळ्यांपुढं उभे राहा आणि "बसवू नका त्या बाईला" हे वाक्य तुमच्याच तोंडानं मागं घ्या. कधी येताय?